चिरा, मिरी आणि मनीऑर्डर : केरळातले आठ दिवस

रत्नागिरीला नेत्रावती एक्सप्रेस आली तेव्हा उन्हं कलली होती. जानेवारीचे दिवस. आईने खिडकीची जागा धरली आणि गाडी हलायच्या आत सांगून टाकलं, "नारळ आणि समुद्र दाखवायला नेत असशील तर सांग, मी इथेच उतरते. ते घरी आहे."

तिचं खरंच होतं. मला दाखवायचं होतं ते वेगळं. तिचे वडील मुंबईला गिरणीत होते. महिन्याची मनीऑर्डर आली की घरात तांदूळ यायचा. कोकण मनीऑर्डरवर जगतं हे आम्ही लहानपणापासून ऐकलंय, आणि केरळही बाहेरून येणाऱ्या पैशावर जगतं हेही ऐकलंय. तोच सह्याद्री, तोच जांभा, तोच जूनचा पाऊस, डोंगर आणि दर्या यांच्यात तीच चिंचोळी पट्टी. तरीही त्यांची वाट आमच्यापेक्षा निराळी का झाली, हे जमेल तेवढं डोळ्यांनी पाहायचं होतं.

पहिला दिवस : कोझिकोड

सकाळी कोझिकोडला उतरलो आणि सामान टाकून थेट कप्पाड गाठलं. लहानसा किनारा, थोडे खडक, आणि १४९८ साली वास्को द गामा इथे उतरला असं सांगणारा एक साधा दगडी खांब. तारीख होती २० मे. आई म्हणाली, "मे संपत आला म्हणजे होड्या वर ओढायचे दिवस. तेव्हा कसा काय आला?" तिला जे एका वाक्यात सुचलं, ते त्याला पुढे महागात पडलं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीहून येताना वारा पाठीशी होता, साडेतीन आठवड्यांच्या आसपास तो पोचला. जाताना वाऱ्याची नीट वाट पाहिली नाही, आणि कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून निघाल्यावर आफ्रिकेचा किनारा दिसायला तीन महिने लागले. स्कर्व्हीने त्याची माणसं पटापट गेली. अरब व्यापारी हे वाऱ्याचं गणित शतकानुशतकं जाणत होते.

इथल्या राजाला, सामूतिरीला, गामाने नेलेला नजराणा म्हणजे थोडं कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल आणि मध. दरबारची माणसं हसली. मक्केहून येणारा साधा व्यापारीसुद्धा याहून जास्त आणतो, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. कालिकतला, म्हणजे याच कोझिकोडला, धड नैसर्गिक बंदरही नव्हतं, गलबतं उघड्या समुद्रात नांगरून राहायची. तरी जग इथे यायचं, कारण घाटातली मिरी इथून पन्नास-साठ किलोमीटरवर पिकते आणि सामूतिरीच्या राज्यात परक्या व्यापाऱ्याचा माल सुरक्षित राहतो अशी ख्याती होती.

एक लोककथा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पोर्तुगीज मिरीचे वेल उपटून नेतायत अशी तक्रार आली, तेव्हा सामूतिरी म्हणाला, वेल नेतील, आमची तिरुवातिरा ञाट्टुवेला थोडीच नेतील! तिरुवातिरा म्हणजे आपलं आर्द्रा नक्षत्र, आणि सूर्य ज्या नक्षत्रात असतो तो काळ म्हणजे ञाट्टुवेला. आर्द्राच्या संततधारेत मिरीला फुलोरा येतो. आईला ही गोष्ट फार आवडली. आमच्याकडेही पावसाळा नक्षत्रांनीच मोजतात.

दुसरा दिवस : अंगाडिपुरम

हा दिवस पूर्णपणे माझ्या हट्टाचा. कोझिकोडहून बसने मलप्पुरम जिल्ह्यात अंगाडिपुरमला गेलो. पर्यटक इथे सहसा येत नाहीत. तिथल्या सरकारी विश्रामगृहाच्या आवारात एक स्मारक आहे, तेही दगडाचं. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा स्कॉटिश डॉक्टर १८००-०१ मध्ये कंपनी सरकारसाठी मलबारची पाहणी करत फिरत होता. जमिनीत असताना कुऱ्हाडीने कापता येतो आणि वारा लागला की विटेसारखा कठीण होतो, असा दगड त्याने इथे पाहिला. लॅटिनमध्ये विटेला 'लेटर' म्हणतात, त्यावरून १८०७ च्या पुस्तकात त्याने 'लॅटराइट' हे नाव दिलं. आज जगभरच्या भूगर्भशास्त्रात तेच चालतं.

आईने हात फिरवून पाहिला. "हा तर आपला चिरा." मल्याळममध्ये त्याला वेट्टुकल्ल म्हणतात, म्हणजे कापलेला दगड. त्यांनी कापण्यावरून नाव ठेवलं, आम्ही चिरण्यावरून.

वाटेत एक चिरेखाण लागली. चाक लावलेलं यंत्र सरळ रेषेत फिरत होतं, तांबडी धूळ उडत होती, आणि चिरे रचणारी पोरं बंगाली बोलत होती. मुर्शिदाबादची. हिंदीत विचारलं तर एकाने सांगितलं की इथली मजुरी गावच्या मजुरीच्या दुपटीहून जास्त पडते, शिवाय रोजच्या रोज मिळते. पैसे तो फोनवरून घरी पाठवतो. शेतमजुरी आणि बांधकामाची मजुरी केरळात देशात सर्वांत वरच्या पट्टीची आहे. मलप्पुरमचे तरुण आखाती देशांत आणि त्यांच्या घरांचे चिरे बंगालची पोरं कापतात. सरकारी भाषेत या मजुरांना 'अतिथी कामगार' म्हणतात. खाणीच्या कडेची त्यांची खोपटी पाहिली तेव्हा त्या शब्दाला अजून बरंच काही देणं आहे असं वाटलं.

दुपारी अंगाडिपुरमहून शोरनूरची गाडी धरली. नीलंबूरच्या सागवानी मुलखातून येणारा हा एकेरी लोहमार्ग झाडांच्या कमानीखालून जातो. नीलंबूरला १८४० च्या दशकात इंग्रजांनी लावलेला सागाचा मळा अजून उभा आहे. शोरनूरजवळ भारतपुळा नदी लागली. पात्र अफाट, पाणी जेमतेम. तिच्या वरच्या अंगाला सह्याद्रीला साधारण तीस किलोमीटर रुंदीची मोठी खिंड आहे, पालक्काडची. तमिळनाडूचा कोरडा वारा, कापड, गुरं, भाषा, सगळं त्या दारातून ये-जा करत आलं. केरळच्या ४४ नद्यांपैकी ४१ पश्चिमेला वाहतात, आणि आमच्या नद्यांसारख्याच आखूड. घाटात उगवायचं आणि धावत समुद्र गाठायचा.

तिसरा दिवस : कोची

कोची बंदर पुराने घडवलं असं म्हणतात. १३४१ साली पेरियारला महापूर आला, उत्तरेचं कोडुंगल्लूरचं बंदर गाळाने भरलं आणि इथलं मुख उघडलं. त्या कोडुंगल्लूरच्या परिसरातच रोमनांशी व्यापार करणारं मुझिरिस बंदर असावं असं मानतात. जवळच्या पट्टणमला २००७ पासून झालेल्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांच्या खापऱ्या निघाल्या. एका नदीने कूस बदलली आणि दीड हजार वर्षांचा व्यापार तीस-चाळीस किलोमीटर दक्षिणेला सरकला.

फोर्ट कोचीची चिनी जाळी सगळे पाहतात, आम्हीही पाहिली. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये गामाची जुनी कबर आहे. १५२४ च्या डिसेंबरात तो इथे वारला, पुढे अस्थी लिस्बनला नेल्या. १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज. मला ओढ होती ती मट्टनचेरीची.

तिथे कोकणी बोलणाऱ्या गौड सारस्वतांचं मोठं तिरुमल देवस्थान आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाने गोवा सोडून आलेली ही माणसं. देवळाबाहेर फुलवाल्या बाईंशी आई मालवणीत बोलायला लागली आणि बाई कोकणीत उत्तर देत गेल्या. दोघींना एकमेकींचं निम्मं कळत होतं, पण तेवढ्यात नातवंडांची चौकशी होऊन गेली.

याच कोचीत डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला, 'होर्तुस मलबारिकुस'. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड अॅमस्टरडॅमला छापले गेले. ज्ञान पुरवलं ते इट्टी अच्युतन या ईळवा वैद्याने, आणि रंगभट, विनायक पंडित, आप्पूभट या तीन कोकणी वैद्यांनी. या तिघांनी १६७५ साली दिलेलं प्रमाणपत्र देवनागरीत आहे, कोकणी भाषेत, आणि ते जसंच्या तसं ग्रंथात छापलंय. त्या काळी देवनागरीत छपाई म्हणजे अपूर्वाई. ईळवांना तेव्हा देवळाच्या रस्त्यावरही मज्जाव होता. त्याच समाजाच्या माणसाचं झाडपाल्याचं ज्ञान युरोपातल्या विद्वानांनी शंभर वर्षं चाळलं, वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही त्याचा आधार घेतला. अच्युतनाचं नाव मी शाळेत कधी ऐकलं नाही याचं आज वाईट वाटलं.

बाजार रस्त्यावरच्या वखारींत सुंठ आणि मिरीचा वास भिंतीत मुरलाय. पण मिरीचं राजेपण गेलं. जगात सर्वांत जास्त मिरी आता व्हिएतनाम पिकवतं, आणि भारतातही कर्नाटक पुढे गेलंय. संध्याकाळी वॉटर मेट्रोने खाडी ओलांडली. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या विजेवरच्या बोटी बेटांवरच्या माणसांच्या रोजच्या कामाच्या आहेत. जहाज कारखान्याच्या बाजूने गेलो. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका इथेच बांधली.

चौथा दिवस : मुन्नार

समुद्रसपाटीवरून निघालेली बस पाच तासांत थंडीत नेऊन सोडते. आधी नारळ, मग रबर, मग वेलची, आणि मग चहाच चहा. जवळचं आनमुडी शिखर २,६९५ मीटर उंच आहे, आपल्या कळसूबाईच्या दीडपटीहून जास्त. दक्षिण भारतात याहून उंच शिखर नाही.

चहाचे मळे डोळ्यांना सुखावतात हे खरं. पण मळ्यातल्या मजुरांच्या चाळी, ज्यांना इथे 'लायम' म्हणतात, त्या पाहिल्यावर हिरवळ तितकीशी सोपी राहिली नाही. एकेका खोलीत एकेक कुटुंब. बहुतेक जण पिढ्यांपूर्वी तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांचे वंशज. केरळात १ जानेवारी १९७० पासून कूळवहिवाट संपली. नुसती झोपडी बांधून राहणाऱ्यालाही गावात दहा सेंटपर्यंत, म्हणजे चार गुंठ्यांपर्यंत, जागेचा हक्क मिळाला. खोतीच्या मुलखातून आलेल्या माणसाला याचं मोल सांगावं लागत नाही. पण चहा-रबराच्या मळ्यांना कमाल जमीनधारणेतून सूट होती. म्हणून मळ्यातल्या मजुरांना निवृत्तीनंतर खोली सोडावी लागते, आणि पायाखाली स्वतःची जमीन नसते. २०१५ मध्ये इथल्या बायकांनी पुढारी आणि संघटना बाजूला ठेवून रस्ता अडवला होता. 'पेंबिळै ओरुमै', बायकांची एकजूट. बोनस त्यांनी मिळवला. घर-जमिनीचा प्रश्न तसाच आहे.

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री जवळच्या पेट्टिमुडीत दरड कोसळली, लायमच्या रांगा गाडल्या गेल्या, ७० माणसं गेली. वायनाडमध्ये मुंडक्कै-चूरलमला वाहून गेलं ती तारीख ३० जुलै २०२४. आपलं माळीण गाडलं गेलं ती ३० जुलै २०१४. बरोबर दहा वर्षं. पश्चिम घाट कुठे नाजूक आहे हे माधव गाडगीळांच्या समितीने २०११ मध्येच कागदावर मांडलं होतं. सर्वांत कडवा विरोध झाला तो इडुक्की, म्हणजे मुन्नारचा जिल्हा, आणि वायनाडमध्येच. छोट्या शेतकऱ्याला वाटलं, आपली जमीन जाईल. त्याची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्याच्याशी नीट बोललंच गेलं नाही. रात्री पाऊस नव्हता तरी मला झोप लागेना.

पाचवा दिवस : कोट्टयम

दिवसभर घाट उतरणं. रबराच्या झाडांना वाट्या बांधलेल्या, पांढरा चीक ठिबकतोय, अंगणात दोरीवर रबराच्या चादरी सुकतायत. कोट्टयम म्हणजे रबर आणि छापखाना. इथला मिशनचा छापखाना १८२१ चा. शहर १९८९ मध्ये देशातलं पहिलं पूर्ण साक्षर शहर झालं आणि एप्रिल १९९१ मध्ये अख्खं राज्य. त्याची मुळं मात्र खोल आहेत. शिक्षणाचा खर्च राज्याने करावा असं फर्मान त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी १८१७ मध्ये काढलं होतं. फर्मानाने सगळ्यांना शाळा मिळाली असं नाही. दलित मुलांना शाळेत घ्यावं म्हणून दलित पुढारी अय्यनकाळींना झगडावं लागलं, शेतमजुरांना कामावर बहिष्कार घालावा लागला.

याच जिल्ह्यात वैक्कम आहे. देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यावरून सगळ्यांना चालू द्या, एवढ्यासाठी १९२४ च्या मार्चपासून वीस महिने सत्याग्रह चालला. पावसाळ्यात पाणी भरलं तर कमरेइतक्या पाण्यात उभं राहून. महाडचं चवदार तळं १९२७ चं. मला ही दोन गावं मनात शेजारी ठेवावीशी वाटतात.

सहावा दिवस : कुट्टनाड आणि आलप्पुळा

या एका दिवसासाठी मी पुन्हा केरळला जाईन. कोट्टयमहून आलप्पुळ्याला सरकारी बोट जाते. तिकीट एसटीहून स्वस्त. शाळेची पोरं, मासळीवाल्या, एक सायकल, आणि आम्ही.

थोड्या वेळाने लक्षात आलं की पाणी वर आहे आणि शेत खाली. बांधाच्या अलीकडे आमची बोट, पलीकडे दीड-दोन मीटर खोल हिरवागार भात. समुद्रसपाटीच्या खालची शेती! वेंबनाड सरोवराच्या तळचा चिखल काढून, माडाचे खांब ठोकून, बांध घालून ही शेतं सरोवरातून उचलून घेतली. चिखलासाठी बुड्या मारणारे बहुतेक पुलय आणि परय या दलित समाजांचे मजूर. मोठं काम झालं ते दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथला तांदूळ थांबला आणि त्रावणकोर उपाशी पडलं. त्याच सुमारास चित्तिरा, मार्तांडम अशी हजारो एकर शेतं सरोवरातून निघाली. सबंध शेतपट्ट्याला 'पाडशेखरम' म्हणतात. पाणी सगळ्यांनी मिळून उपसायचं, पेरणी एकदम करायची. एकट्याने इथे शेती होतच नाही.

"ही आपली खारबंदिस्ती," आई म्हणाली. "पण आपली फुटली की कोणी बांधायला येत नाही."

खाऱ्या पाण्याला अडवायला तण्णीरमुक्कमला १९७० च्या दशकात मोठा बंधारा झाला. डिसेंबरच्या मध्याला त्याची दारं, आमच्या भाषेत उघाडी, बंद करतात आणि मार्चमध्ये उघडतात. भात वाचतो. पण खारं पाणी आत आलं नाही की सरोवर धुतलं जात नाही, जलपर्णी माजते, कोळंबीची वाट अडते. शेतकरी म्हणतो दारं बंद ठेवा, कोळी म्हणतो उघडा, आणि दोघं बऱ्याचदा एकाच गावचे असतात. २०१८ च्या ऑगस्टच्या पुरात हे सगळं कुट्टनाड पाण्याखाली गेलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि माणसं काढली.

एवढं करूनही केरळची भातशेती आटली. सत्तरच्या दशकात ती पावणेनऊ लाख हेक्टरच्या आसपास होती, आता दोन लाखांच्या आसपास आहे. भाताला मजुरी परवडत नाही, रबराला आणि घराच्या पायाला जमीन जास्त फायद्याची. २००८ मध्ये भातखाचरं बुजवायला बंदी करणारा कायदा झाला, तोवर बरीच बुजली होती.

आलप्पुळ्यात काथ्याचा एक लहान कारखाना पाहिला. पहिला मोठा कारखाना इथे १८५९ मध्ये निघाला होता. नारळाची सोडणं खाडीत महिनोन्महिने कुजवून, बडवून, चाकावर सुंभ वळणं हे बायकांचं काम. आता धागाच बराचसा तमिळनाडूतून येतो. यंत्राने काढलेला, स्वस्त. काम करणाऱ्या चौघींपैकी सर्वांत तरुण बाई पन्नाशीच्या होत्या. "मुली?" आईने खुणेने विचारलं. त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं. एक कुवेतला, एक लंडनला.

सातवा दिवस : कोल्लम, तिरुवनंतपुरम

कोल्लम गाडीतूनच पाहिलं. काजूचं शहर. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेली काजूबी इथे लाखो बायकांनी फोडली. नंतर बी आफ्रिकेतून येऊ लागली आणि व्हिएतनाम यंत्रांनी स्वस्तात फोडू लागला. कित्येक कारखाने बंद आहेत.

गाडीच्या दोन्ही बाजूंना सुरेख घरं, आणि त्यांतली अनेक बंद. फाटकाला कुलूप, अंगणात झावळ्या पडलेल्या, एखाद्या ओट्यावर एकटं म्हातारं माणूस. आई बराच वेळ गप्प बसून पाहत होती. आमच्या वाडीत अकरा घरांपैकी सात कुलपात आहेत.

तिरुवनंतपुरमला थुंबा बाहेरूनच पाहिलं. १९६३ च्या २१ नोव्हेंबरला या कोळीवाड्यातून भारतातलं पहिलं अवकाश-संशोधनाचं रॉकेट उडालं. गावाने आपलं चर्च त्या कामासाठी दिलं होतं. संध्याकाळी विळिञ्ञम. किनाऱ्याजवळच एवढा खोल समुद्र की जगातली सर्वांत मोठी मालवाहू जहाजं धक्क्याला लागतात, आणि आंतरराष्ट्रीय जलमार्ग हाकेच्या अंतरावर. आपला माल कोलंबोत उतरवून पुन्हा चढवायचा खर्च वाचावा म्हणून हे बंदर, मे २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. त्याआधी २०२२ मध्ये कोळ्यांनी शंभराहून अधिक दिवस आंदोलन केलं, बांधकामामुळे किनारा खचतोय आणि घरं जातायत म्हणून. उद्घाटनाच्याच महिन्यात इथून निघालेलं एक जहाज कोचीजवळ बुडालं आणि प्लास्टिकचे दाणे या वाळूत येऊन पडले. आईने चार दाणे वेचले, साबुदाण्यासारखे दिसत होते. तिने ते रुमालाच्या टोकाला बांधून ठेवले.

आठवा दिवस : परत

परतीच्या नेत्रावतीत समोरच्या बाकावर कोट्टयमची एक मुलगी होती. नर्सिंग झालेलं, मुंबईच्या एका रुग्णालयात पहिलीच नोकरी. दोन वर्षांचा अनुभव झाला की जर्मनी, त्यासाठी भाषेचा वर्ग आतापासून. स्टेशनवर तिची आई रडली नव्हती, फक्त केळ्याच्या वेफर्सची पिशवी तीनदा नीट करून दिली होती. माझ्या आईने तिला विचारलं, घरी पैसे कधी पाठवणार? "पहिल्या पगारापासून," ती म्हणाली. आईने मग तिला गिरणीतल्या आपल्या वडिलांची गोष्ट मोडक्या हिंदीत सांगितली. ते चौथी शिकले होते.

सकाळी जाग आली तेव्हा गाडी रत्नागिरीजवळ हळू झाली होती. दोन्ही बाजूंना जांभ्याची तांबडी कातळं, वर माड, खाली खाडी. मुलगी खिडकीला डोकं टेकवून पाहत होती.

"आंटी," तिने आईला हलवलं, "अभी भी केरला ही है क्या?"